कंपाउंडच्या भिंतीवर रात्री दिसलेला तो प्राणी कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला लागून असलेल्या एका सोसायटीत रात्री साडेअकराच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीवरून मांजरापेक्षा मोठा, काळपट राखाडी, लांब शेपटीचा प्राणी चालत गेला आणि केबलच्या वायरवरून पलीकडच्या आंब्यावर चढला. मोबाइलवर घेतलेला काही सेकंदांचा हलता व्हिडिओ आहे. वॉचमन म्हणतो मसण्याऊद, सोसायटीच्या ग्रुपवर दोघे-तिघे म्हणतात बिबट्याचं पिल्लू, आणि एका ॲपने सांगितलं रकून. नक्की काय आहे, पुढच्या वेळी आपलं आपण कसं ओळखायचं, आणि पकडून जंगलात सोडायला कोणाला बोलवायचं का?

वॉचमनचं बरोबर आहे. हे उदमांजर. मसण्याऊद, कांडेचोर ही त्याचीच गावाकडची नावं. व्हिडिओ कितीही हलत असला तरी मला शंका वाटत नाही, आणि त्याचं कारण चेहरा नाही, शेपटी आणि वायर आहे. शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब, तिच्यावर एकही वळं नाही, टोकापर्यंत काळी, आणि चालताना ती मागे सरळ राहिली. असली शेपटी घेऊन केबलवरून इतक्या सराईतपणे जाणारं तीन-चार किलोचं दुसरं जनावर आपल्या शहरांत नाही. शेवटी तो वळतो तेव्हा गेटच्या दिव्याचा उजेड तोंडावर पडतो. ती फ्रेम थांबवून बघा. तोंड मांजरासारखं गोल नाही, पुढे निमुळतं आहे. डोळ्यांवर काळा पट्टा आहे आणि खाली पांढुरका डाग.

ॲपने रकून का म्हटलं, तेही त्या फ्रेममध्येच दिसतं. काळा मुखवटा दोघांनाही असतो, आणि या ॲपांना शिकवायला वापरलेल्या फोटोंत उत्तर अमेरिकेतल्या फोटोंचा भरणा मोठा असतो. लोकेशन बंद ठेवून नुसता फोटो टाकला की अशी उत्तरं येतात. रकून भारतात रानावनात नाहीच, आणि त्याच्या शेपटीला ठळक काळी वळी असतात.

राहता राहिलं बिबट्याचं पिल्लू. उदमांजराएवढं पिल्लू म्हणजे जेमतेम दोन-तीन महिन्यांचं. त्या वयात ते एकटं हिंडत नाही. पिल्लं दीड-दोन वर्षं आईबरोबर असतात. त्याचं तोंड आखूड, पंजे अंगाच्या मानाने थोराड, अंगावर ठिपक्यांची दाटी, आणि केबलवरून चालणं त्याच्या आवाक्यातलं नाही. तुमच्या मागेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बिबटे आहेत, त्यामुळे मनात आधी बिबट्या येणारच. पण त्याच उद्यानाच्या कडेला, सोसायट्यांच्या बागांत आणि छपरांत उदमांजरं बिबट्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. आम्ही नेहमी याच क्रमाने जातो: त्या जागी जो प्राणी संख्येने जास्त असतो तो आधी धरायचा, त्याच्याशी खुणा जुळल्या नाहीत तरच पुढचा. लोक नेमकं उलट करतात. सगळ्यात थरारक नावापासून सुरुवात करतात आणि मग त्याला साजेशा खुणा आठवू लागतात.

आता पुढच्या वेळेसाठी. फोनवर पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते आकाराचं किंवा रंगाचं. "केवढा मोठा होता!" "काळाभोर होता हो." रात्रीच्या वेळी या दोन्ही गोष्टी सगळ्यात जास्त फसवतात. पिवळ्या दिव्याखाली राखाडी प्राणी तांबूस दिसतो, पांढऱ्या एलईडीखाली तोच काळा. मोबाइलचा नाइट मोड तर रंग स्वतःच्या मनाने भरतो. पावसात भिजलेलं मांजर अर्धं होतं आणि घाबरून केस फुलवलेलं मांजर दुप्पट. म्हणून रंग मी शेवटी विचारतो.

आकाराला मात्र उपाय आहे, आणि तो फार कमी लोक करतात. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच जागी उभे राहा. फोन तेवढ्याच उंचीवर, झूम तेवढाच. प्राणी जिथून गेला तिथे भिंतीला लागून कोणाला तरी मीटरची पट्टी धरायला लावा आणि फोटो काढा. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. भिंतीच्या विटांचे थर, ग्रिलच्या सळ्यांमधलं अंतर, गेटवरची पाटी, यांतलं काहीतरी दोन्हीकडे येतंच. "साडेतीन फुटी बिबट्या" म्हणून आलेल्या व्हिडिओतला प्राणी अशा वेळी हमखास दीड फुटाचा बोका निघतो. प्राणी भिंतीवर असला आणि तुम्ही खाली असलात तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर तो आणखी मोठा दिसतो, हेही धरायला हवं.

डोळ्यांच्या चमकीबद्दल नेहमी विचारतात. टॉर्चमध्ये हिरवे चमकले की पिवळे, यावर फार विसंबू नका. टॉर्च आणि कोन बदलला की रंग बदलतो. डोळे जमिनीपासून किती उंचीवर होते आणि दोहोंत अंतर किती होतं, हे जास्त उपयोगाचं.

ओळखीची सुरुवात शेपटीपासून करा. लांबी अंगाच्या मानाने किती, वळी आहेत का, टोक कोणत्या रंगाचं, आणि चालताना ती कशी धरली होती, एवढं सांगितलंत तर अर्धं काम झालं. उदमांजराचं वर सांगितलंच. त्याचा सख्खा वाटावा असा दुसरा प्राणी म्हणजे जवादी मांजर. चण साधारण तेवढीच, पण ते जमिनीवर वावरतं, पाठीवर लांब रेघा आणि बाजूंना ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि शेपटीवर सहा ते नऊ काळी वळी. गवताळ मोकळ्या जागा, शेतं, ओढ्याकाठची झुडपं, असं शहराच्या हद्दीवर कुठेही ते दिसू शकतं. भिंतीवरून आणि वायरवरून जाणारा असेल तर उदमांजर, कडेच्या गवतातून खाली मान घालून जाणारा असेल तर शेपटीची वळी बघा.

रानमांजर पाहून लोक हमखास गोंधळतात, कारण ते खरोखरच मांजर आहे. अंगावर ठिपके-पट्टे जवळजवळ नाहीत, रंग वाळूसारखा फिका, पाय लांब, कानांच्या टोकांवर काळसर केसांची छोटी शेंडी. शेपटी आखूड: मागच्या पायाच्या टाचेच्या सांध्यापर्यंत जेमतेम पोचते, टोकाला काळी, त्याआधी दोन-तीन काळी वळी. घरातल्या भुऱ्या मांजराची शेपटी यापेक्षा लांब असते. एवढ्या एका खुणेवर बहुतेक वाद मिटतात.

वाघाटीची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे चूक महागात पडते. जगातल्या सर्वांत लहान जंगली मांजरांपैकी ती एक. पूर्ण वाढलेली मादीसुद्धा साधारण किलोभर वजनाची. राखाडी अंगावर गंजासारख्या रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर डोळ्यांपासून वर जाणाऱ्या पांढऱ्या रेघा. उसाच्या तोडणीत तिची पिल्लं सापडतात आणि गावभर "बिबट्याची पिल्लं सापडली" अशी हाकाटी होते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात बिबट्या मादीही उसातच पिल्लं घालते, त्यामुळे दोन्ही शक्यता खऱ्या असतात. बिबट्याच्या पिल्लाची लव धुरकट आणि दाट, ठिपके काळे आणि एकमेकांना खेटलेले, पंजा बोजड. वाघाटीचं पिल्लू त्याच्यापुढे अगदीच नाजूक, ठिपके सुटे आणि तांबूस. ओळख पटली किंवा नाही, करायचं एकच: पिल्लांना हात लावायचा नाही आणि वनखात्याला कळवायचं. पिल्लं सापडली त्याच जागी संध्याकाळी खोक्यात ठेवली की बहुतेक वेळा आई रात्रीतून येऊन घेऊन जाते; वनखातं आणि प्राण्यांचे डॉक्टर हे काम तिथे कित्येक वर्षं करत आले आहेत. पिल्लांना घरी नेऊन दूध पाजत बसलं की ती संधी जाते.

मुंगूस बहुतेकांना ओळखू येतं, पण ते दिवसाचं जनावर आहे. रात्री अकराला मुंगूस पाहिलं असं कोणी सांगितलं की मी आधी उदमांजराचा आणि मग घुशीचा विचार करतो. मोठी घूस किलोच्या पुढे जाते, अंगावर राठ केस आणि शेपटी जाड, खवल्यांची, केसांशिवाय. आणि रात्री भिंतीच्या कडेकडेने चिक-चिक करत, उग्र वास सोडत जाणारी लांब तोंडाची ती चिचुंद्री. तिला उंदराचं विष घालू नका, ती उंदीर नाही आणि तिचं बरंचसं जेवण झुरळं-किडे असतं.

कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांतही मी शेपटीच विचारतो. मुंबई, नवी मुंबई, ठाण्याच्या खाडीकाठच्या तिवरांत कोल्हे आहेत. पहाटे किंवा तिन्हीसांजेला ते रस्त्यावर येतात आणि लोक "लांडगा" म्हणून फोटो टाकतात. आपलं गावठी कुत्रं शेपूट वर वळवून धरतं. कोल्ह्याची शेपटी झुपकेदार, आखूड, खाली लोंबणारी आणि टोकाला काळसर. कोल्हा वजनाला आठ-दहा किलो, पाय बारीक, दुडक्या चालीने जातो आणि थांबून मागे वळून बघतो. खोकड त्याहून बरंच लहान, अडीच-तीन किलोचं, कान मोठे, शेपटी लांब आणि टोक ठळक काळं; ते माळरानाचं, म्हणून पुणे, सोलापूर, नगरकडे शहराबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये दिसेल, खाडीत नाही. लांडगाही त्याच माळांवर. तो उंच, छाती अरुंद, पाय लांब, शेपटी खाली. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे, त्यामुळे तिकडे एखादा विचित्र रंगाचा लांडगा दिसला तर दोन्ही बाजू बरोबर असू शकतात. तरस मात्र एकदा पाहिलं की विसरत नाही: पुढून उंच, मागून उतरतं, अंगावर उभे काळे पट्टे, मानेपासून आयाळ. नुसत्या उतरत्या पाठीवरूनही ते अंधारात ओळखू येतं.

बिबट्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फोन त्याचेच असतात आणि त्यातले बरेच कुत्र्यांचे निघतात. पूर्ण वाढलेला नर साधारण पन्नास ते सत्तर किलो, मादी तीस-चाळीस. शेपटी लांब आणि जाड, टोक बऱ्याचदा वर वळलेलं. चाल सावकाश, डोकं खांद्याच्या रेषेत किंवा त्याखाली. प्राणी दिसला नाही, फक्त ठसे आहेत, असं असेल तर चिखलातल्या ठशाचा फोटो वरून सरळ काढा, तिरका नाही, आणि शेजारी पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर पेन चालेल, पाऊल किंवा हात नको. मांजर कुळाच्या ठशात चार बोटं, नखं नाहीत, आणि मागच्या गादीची मागची कड तीन भागांत विभागलेली. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा पुढे दिसतात, मधली दोन बोटं एका ओळीत असतात आणि मागची गादी त्रिकोणी. बिबट्याचा पंजा सात-आठ सेंटिमीटर रुंद. कडक जमिनीवर कुत्र्याची नखं उमटत नाहीत आणि ओल्या चिखलात ठसा पसरून मोठा होतो, म्हणून एका ठशावर निकाल देऊ नका. पाच-सहा ठसे सलग बघा. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्ट मोठा असतो आणि नखं उमटतात. उदमांजराच्या ठशात पाच बोटं, ठसा लहान.

काळा बिबट्या आपल्याकडे आहे, कोकणात आणि ताडोब्यात त्याच्या नोंदी आहेत. शहरात तो दिसल्याची तक्रार आली की मात्र आधी काळ्या कुत्र्याचा विचार करा.

प्राणी गेल्यावर जे मागे राहतं त्यावरून पटलेली ओळख मला डोळ्यांनी पाहिल्यापेक्षाही भरवशाची वाटते. तुमच्या बाबतीत गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीचा स्लॅब, कठड्याचा रुंद भाग, लिफ्टच्या खोलीचं छप्पर बघा. उदमांजर उघड्या, उंच, सपाट जागी विष्ठा टाकतं आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी टाकतं. तिच्यात फळांच्या बिया अख्ख्या असतात. सोसायटीच्या बागेत भेरली माड असेल तर त्याच्या बिया हमखास सापडतील. शोभेचं झाड म्हणून तो सगळीकडे लावलेला आहे आणि उदमांजराला त्याची फळं फार आवडतात. चिकू, जांभूळ, उंबर, पपई यांच्याही बिया दिसतात. त्याबरोबर कधी उंदराचे केस, कधी झुरळाचे पाय. मांजर किंवा कुत्रा बियांनी भरलेली विष्ठा टाकत नाही, त्यामुळे इथे वादाला जागा उरत नाही. रात्री कठड्यावर वासाच्या तांदळासारखा दरवळ आला तर तोही याच पाहुण्याचा.

ठसे हवे असतील तर त्याच्या वाटेवर, भिंतीच्या माथ्यावर किंवा गच्चीच्या दारापाशी, बारीक चाळलेली कोरडी माती किंवा रांगोळीचा पातळ थर हातभर लांबीत पसरा. संध्याकाळी पसरायचा, सकाळी सात वाजायच्या आत बघायचा, नाहीतर कावळे आणि झाडूवाले आधी पोचतात. सीसीटीव्ही असेल तर फुटेज डाऊनलोड करून पाठवा. स्क्रीनवर चाललेल्या फुटेजचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ पाठवू नका, त्यात शेपटीच्या वळ्या दिसेनाशा होतात.

फक्त आवाज येतो आणि प्राणी दिसत नाही, असेही प्रश्न येतात. फॉल्स सीलिंगवर रात्री धाडधाड पळापळ आणि म्याँव-म्याँवसारखी बारीक कुरकुर असेल तर उदमांजराची पिल्लं. डक्टमधून किंवा लिफ्टच्या खोलीतून मोठा फुत्कार येतो म्हणून सर्पमित्राला बोलावतात, आणि आत गव्हाणी घुबडाची पिल्लं निघतात. बदामासारखा पांढरा चेहरा, काळे डोळे, अंगावर अर्धवट पिसं, आणि दोन पायांवर ताठ उभी राहतात. २०१७ साली विशाखापट्टणमच्या अशाच पिल्लांचा व्हिडिओ "परग्रहवासी" म्हणून देशभर फिरला होता. त्यांना हलवायची गरज नसते, आईबाप रात्रभर उंदीर आणून घालतात.

सरपटणाऱ्यांपैकी घोरपडीवर दोन शब्द. पावसाळ्यात ती गटारातून, कंपाउंडमधून बाहेर येते, दुभंगलेली जीभ बाहेर काढते आणि लोकांना साप वाटते. पाय आहेत का बघा, प्रश्न मिटतो. पिल्लं पिवळ्या ठिपक्यांची, पट्ट्यांची असतात आणि ती भयंकर विषारी असतात असा समज सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. पकडायला गेलात तर चावेल आणि शेपटीचा फटका देईल, एवढंच.

सापाच्या बाबतीत माझा सल्ला वेगळा आहे: जवळ जाऊन ओळखायचा प्रयत्नच करू नका. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांतला फरक पुस्तकात सोपा आहे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात, मण्यारचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीने येतात, मानेमागे काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पण बाथरूमच्या कोपऱ्यात वेटोळं घातलेल्या सापाची मान कोणती आणि शेपटी कोणती, हे बघायला वाकणं हाच धोका आहे. तसंच घोणस आणि अजगराचं पिल्लू: घोणशीच्या अंगावर काळ्या कडेच्या लंबगोलांच्या साखळ्यांसारख्या तीन ओळी, अजगराचे डाग वेडेवाकडे. "अजगराचं पिल्लू आहे" म्हणून घोणस उचलल्याने माणसं मेली आहेत. सहा-सात फुटांवरून झूम करून एक फोटो, खोलीचं दार बंद करून दाराखाली टॉवेल, आणि प्रशिक्षित सर्पमित्र येईपर्यंत एका माणसाची दुरून नजर.

कधीकधी प्राणी अनोळखी असतो कारण तो इथला नसतोच. हिरवा इग्वाना, बॉल पायथन, शुगर ग्लायडर, लाल कानपट्टीचं कासव: कोणीतरी हौसेने आणलेलं, नंतर सुटलेलं किंवा सोडून दिलेलं. कोणत्याच देशी प्राण्याशी खुणा जुळत नसतील आणि जनावर माणसाला बिचकत नसेल, तर ही शक्यता मनात ठेवा. त्याला तलावात किंवा टेकडीवर नेऊन सोडू नका, तेही वनखात्यालाच कळवा.

ग्रुपवर आलेल्या फोटोबद्दल. बिबट्याचा फोटो आला की मी तीन गोष्टी मागतो: ज्याने काढला त्याच्याच फोनमधली मूळ फाइल, काढल्याची वेळ, आणि त्याच जागेचा दिवसा काढलेला फोटो. तिसरी मागणी ऐकून बरेच फोटो मागे घेतले जातात. एआयने बनवलेले फोटो आता इतके सफाईदार असतात की ठिपके मोजून काही कळत नाही, पण भिंतीवरच्या पाटीची अक्षरं, ग्रिलच्या सळ्या आणि सावलीची दिशा यांत ते अजूनही घसरतात. गेल्या वर्षीचा दुसऱ्या गावचा खरा फोटो आजचा म्हणून फिरवणं तर त्याहून सोपं. तोच फोटो सर्चमध्ये टाकून तो आधी कुठे आला होता ते बघायला अर्धा मिनिट लागतो.

ओळखीसाठी आयनॅचरलिस्टसारखं ॲप जरूर वापरा, पण त्याचं यंत्राने सुचवलेलं पहिलं नाव म्हणजे उत्तर नव्हे. लोकेशन चालू ठेवा, दोन-तीन कोनांतले फोटो द्या आणि माणसांनी दुजोरा द्यायची वाट बघा. दुर्मीळ प्राण्यांची नेमकी जागा ते ॲप आपोआप अस्पष्ट करतं. सोसायटीचा ग्रुप ते करत नाही, म्हणून खवले मांजर दिसलं तर जागा ग्रुपवर टाकू नका, सरळ वनखात्याला सांगा. त्याच्या खवल्यांची तस्करी होते.

कोणाला बोलवायचं याचं उत्तर प्राण्यावर आणि परिस्थितीवर आहे. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६. बिबट्या, तरस, गवा वस्तीत अडकला, प्राणी जखमी आहे, विहिरीत किंवा खोलीत कोंडला गेला आहे, तर लगेच फोन करा आणि तोवर गर्दी पांगवा. गर्दी पांगवणं हे मोठं काम आहे. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला गवा आला होता. ओळखण्याची अडचण नव्हती. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, पाठीवर उंचवटा असलेला एवढा मोठा गवा लगेच कळतो. पण शेकडो माणसं मागे लागली, तो तासन्‌तास रस्त्यांवरून पळत राहिला, आणि भूल देऊन पकडल्यावर मेला. पाठलागाच्या ताणाने स्नायू आणि हृदय निकामी होऊन वन्यप्राणी असे मरतात, अंगावर जखम नसली तरी. प्राण्याने कोणाला चावलं किंवा ओरबाडलं तर ओळख पटवत बसू नका: जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी थेट दवाखाना गाठा.

तुमच्या उदमांजरासाठी मात्र कोणालाच बोलवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याला परवानगीशिवाय पकडणं हा गुन्हा आहेच, पण त्यात फायदाही नाही. एक पकडून जंगलात सोडलं की रिकाम्या जागेत दुसरं येतं, आणि सोडलेलं तिथल्या आधीच्या उदमांजरांच्या हद्दीत सापडतं. ते माणसाच्या अंगावर येत नाही. उंदीर खातं. त्रास होत असेल तो छपरातल्या धावपळीचा आणि वासाचा, आणि त्याचा इलाज फटी बंद करणं हा आहे: इमारतीला टेकलेल्या फांद्या छाटा, एसीच्या पाइपची भोकं आणि फॉल्स सीलिंगच्या मागची पोकळी शोधा, कचऱ्याचे डबे झाकणाचे घ्या. भोक लगेच बुजवू नका. आत पिल्लं असली तर आई बाहेर राहते आणि ती आत उपाशी मरतात. पिल्लं दोन-तीन महिन्यांत आपणहून निघून जातात, तेवढं थांबा. मग भोकाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवा. सलग तीन रात्री तो जागचा हलला नाही, तर आत कोणी नाही असं समजून जाळी ठोका. हलला तर आणखी काही दिवस थांबून पुन्हा बोळा ठेवा.